कोपऱ्यातल्या मॅडम

तपासणीला आलेल्या मॅडम नेमक्या त्याच कोपऱ्यात जाऊन बसल्या आणि शिकवणाऱ्या बाईंना ‘तिथे नको’ म्हणताही येईना. बालवाडीत बसायला दुसरी जागा नव्हती असं नाही. पण तिथून सगळी खोली दिसत होती आणि एक बुटकी खुर्चीही रिकामी होती. मॅडमचे गुडघे हनुवटीला टेकायला आले. त्यांनी कागद सावरले, घड्याळात पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

ते आता दोन तास उघडणार नव्हतं. तपासणीचा नियमच तसा होता, यंदाचा, नवाकोरा. कुणाशी बोलायचं नाही, हसायचं नाही, मान हलवायची नाही. नुसतं बघायचं आणि गुण द्यायचे. गेल्या वर्षी याच मॅडम दारातूनच डोकावून गेल्या होत्या. ‘गोंगाट फार’ असं लिहून सातांपैकी दोन गुण दिले होते. यंदाही दोनच पडले की या सरकारी बालवाडीला कुलूप. मुलांनी मग मोठ्या रस्त्यापलीकडच्या बालवाडीत जायचं. जायचं म्हणायला. सगळ्यांच्या आया सकाळी सातला कामावर निघतात, पोरांना तो रस्ता ओलांडून देणार कोण? बावीस पोरं घरात राहतील, बाहेरून कडी लावून. बाईंना हे चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर त्यांची झोप उडाली होती.

पंधरा दिवस त्यांनी नुसती तालीम घेतली. हाताची घडी, तोंडावर बोट. गाणं एका सुरात. रंगांची नावं न अडखळता. पाहुण्यांकडे ढुंकून बघायचं नाही. बाईंना स्वतःला हा प्रकार मुळीच आवडत नव्हता. पण अडला हरी काय करतो, ते मॅडम समोर असताना न बोललेलंच बरं.

गाण्याची पहिली ओळ बाईंच्या ओठांवर होती, तेवढ्यात एक मुलगा उठला. सगळे त्याला दातऱ्या म्हणत, आणि विनाकारण म्हणत नसत. त्याने पाण्याचा पेला भरला, अर्धा वाटेत सांडला आणि उरलेला मॅडमपुढे धरला.

“रडू नको हं,” तो म्हणाला. “मी पण काल चावलो होतो. तू कुणाला चावलीस?”

मॅडमची पेन्सिल कागदावर टेकली.

चूक दातऱ्याची नव्हती. तो कोपराच तसा होता. कुणाला ढकललं, चावलं, कुणाच्या डोक्यात वाळू घातली, की तिथे जाऊन राग शांत होईपर्यंत बसायचं. एवढी मोठी बाई तिथे तोंड बंद करून बसली म्हणजे गुन्हाही तसाच दांडगा असणार, याबद्दल बावीस जणांना काडीची शंका नव्हती.

मग कसलं गाणं आणि कसले रंग! एकीने हात मोडलेली बाहुली मॅडमच्या मांडीवर निजवली. एकाने स्वतःचा रुमाल काढून त्यांचे कोरडे डोळे पुसले. तो रुमाल सकाळपासून कशासाठी वापरला होता, ते विचारू नका. मदतनीस मावशी भांड्यांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. “जागेवर बसा!” त्या दात आवळून म्हणाल्या. सगळे बसले. एक मुलगी बसली नाही, वर्गातली वकीलबाई. वय वर्षं साडेचार, पण हातात घेतलेला मुद्दा सोडील तर शपथ.

“बाई, सोड ना तिला. परत नाही करणार ती.”

“अगं, मी नाही बसवलं त्यांना. पाहुण्या आहेत त्या.”

“मग एकटी का बसलीये? तूच सांगतेस ना, कोपऱ्यात कुणाला एकटं ठेवायचं नाही. एकानं सोबत बसायचं.”

बाईंनी मॅडमकडे पाहिलं. पेन्सिल भराभरा चालली होती. मुलांना लांब ठेवायची जबाबदारी बाईंची, असं तपासणीच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. त्यांना रडूच यायला लागलं. पंधरा दिवस पोरांना खोटं वागायला शिकवून झालं, आता या पोरीच्या तोंडावर आणखी एक खोटं बोलवेना.

“खरंय तुझं,” त्या म्हणाल्या. “माझंच चुकलं. जा, बस.”

वकीलबाई बसली. तिच्या मागोमाग दातऱ्या गेला. अर्ध्या तासात निम्मी बालवाडी त्या कोपऱ्यात होती. मॅडमच्या बुटांवर ठोकळ्यांचा मनोरा चढला, पडला, पुन्हा चढला. पडण्यात चूक कोणाची, यावर वाद पेटला. तालमीचं मुसळ केरात गेलेलं बाईंनी पाहिलं आणि सरळ जमिनीवर फतकल मारली. पडला का, कसा पडला, आता खाली कोणता लावूया? मुलं ओरडून उत्तरं देत होती. रोज चालायचं तेच चाललं होतं, आणि पेन्सिल केव्हा थांबली तेही बाईंना कळलं नाही.

दोन तास झाले. मॅडमनी कागद मिटले. बाई चटकन उठल्या.

सगळ्यांच्या आधी वकीलबाई बोलली. “आता तरी सांग. काय केलं होतंस?”

मॅडम खाकरल्या. त्या बघत होत्या बाईंकडे.

“गेल्या वर्षी मी तुमच्या बाईंना दोनच गुण दिले. आत न येताच.”

वकीलबाईने यावर नीट विचार केला.

“मग बस अजून जरा वेळ,” ती म्हणाली आणि मॅडमच्या आणखी जवळ सरकली. “मी आहे इथेच.”