पिंजऱ्याखालचा कागद

संध्याकाळच्या नळीतला आकडा पुन्हा चढलेला होता. ताईनं यंत्र बंद करून चालू केलं, नमुना नव्यानं लावला. आकडा जागचा हलला नाही.

ताईची सगळी नोकरी पक्ष्यांच्या शिटेत गेली होती. पाखराला हातही न लावता, शिटेतल्या संप्रेरकांवरून विणीचा हंगाम कधी लागणार ते ती सांगायची. घरचे तिला शिटेची डॉक्टर म्हणत आणि तिनं चहा केला की हात धुतलेस ना, असं विचारून खिदळत. तीही हसायची. आज मात्र तिला हसू येत नव्हतं, कारण ही शीट तिच्या धाकट्या बहिणीच्या, बबडीच्या घरातली होती.

बबडीकडे लव्हबर्डची जोडी होती. हंगाम आला, घरट्याची पेटी टांगून झाली, तरी अंड्याचा पत्ता नाही. जरा तपासून बघाल का, असं बबडीच्या नवऱ्यानंच विचारलं होतं. पिंजऱ्याखाली कागद अंथरायचा, शीट खरवडून नळीत भरायची, वर वेळ लिहायची आणि नळी बर्फात ठेवायची, एवढं ताईनं त्याला शिकवलं. बबडीला किळस यायची. त्यामुळे तोच इमानेइतबारे नळ्या भरून आणून द्यायचा.

विणीची संप्रेरकं तळाला गेली होती आणि भीतीचं संप्रेरक चढत होतं. सकाळी, दुपारी सगळं ठीक. तो कामावरून घरी आला की चढायचं. सुट्टीच्या दिवशी तर दिवसभर उतरायचं नाव नाही. मध्यंतरी तो परगावी गेला होता, तेव्हा बबडीनं नाक मुरडत भरलेल्या नळ्यांत मात्र भीतीचा मागमूस नव्हता. या माणसानं स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्याच हातानं गोळा करून दिला होता, आणि त्याला त्याची कल्पनाही नव्हती. रोज पाखरं भेदरावीत असं त्या घरात काय चालत असेल, हा विचार ताईच्या डोक्यातून हलेना.

त्याच संध्याकाळी ती बबडीकडे गेली.

बबडीनं हसतच दार उघडलं. तिच्या उजव्या हाताची बोटं सुजून निळी पडली होती. दारात सापडली, म्हणाली. ताईनं येताना आणलेली सफरचंदं कापायला सुरी मागितली, तर नवराच लगबगीनं उठला. त्यानं कुलपातल्या कपाटातून सुरी काढली, फोडी केल्या, आणि सुरी धुऊन पुन्हा कुलपात घातली.

"बाहेर ठेवलेली चालत नाही त्यांना," बबडी खालच्या आवाजात म्हणाली.

घरातही गळ्यापर्यंत बटणं लावून, साहेबासमोर बसावं तसा तो ताठ बसला होता. पाखरं पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून होती. तो बशा घेऊन आत गेला तशी ताई बहिणीजवळ सरकली.

"बबडे, खरं सांग. हात उचलतो का तो?"

बबडीनं मान खाली घातली. तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं. मग ताईनं मागचापुढचा विचार केला नाही. बबडीला आजच्या आज आपल्या घरी, आईजवळ घेऊन जाते, असं तिनं मोठ्यानं सांगितलं. तो स्वयंपाकघराच्या दारात ओली बशी घेऊन उभा होता. तो अंगावर धावून येईल असं तिला वाटलं होतं, पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"ताई, आपण दोघंच जरा बोलू या का?"

"आता जे बोलायचं ते पोलिसांशी बोला," ती म्हणाली.

बबडीला पुढे घालून ती जिना उतरली. मागून त्याची पावलं वाजत होती. त्या दोघी गाडीत बसल्या तरी तो फाटकाशी उभाच होता.

पुढचे सगळे दिवस धास्तीत गेले. ताईच्या घराच्या दाराला दुसरी कडी बसली. बेल वाजली की ताई आधी खिडकीतून बघायची. त्याचे फोनवर फोन येत, तिनं एकही घेतला नाही आणि शेवटी त्याचा नंबरच बंद करून टाकला. आई हल्ली गप्प गप्प असायची, आपल्या खोलीतच बसायची. लेकीच्या संसाराचा घोर लागलाय, असं म्हणून ताई स्वतःची समजूत घालायची. कामावर निघताना मात्र ती बबडीला रोज बजावायची: आतून कडी लाव, कुणालाही घरात घेऊ नकोस, आणि आईला एकटीला बाहेर पाठवू नकोस.

एका दुपारी तोच प्रयोगशाळेत येऊन उभा राहिला. ताईनं पहारेकऱ्याला हाक मारून शेजारी उभं केलं.

तो टेबलापासून लांबच थांबला. हातातला बर्फाचा डबा त्यानं हळूच पुढे सरकवला.

"तिला न्यायला नाही आलो. ती गेल्यापासूनच्या नळ्या आहेत या. सकाळच्या, संध्याकाळच्या, सगळ्या. तपासून बघा."

"कशाला?"

"मादी पेटीत बसलीय, ताई. चार अंडी घातलीत तिनं."

ताई डब्याकडे बघत राहिली. तिला हात पुढे करता येईना. तो आणखी काही बोलेल म्हणून तिनं वर पाहिलं, तर त्याच्या डोळ्यांत भीती होती.

"आई आत्ता घरी कुणाजवळ आहेत?" त्यानं विचारलं.