खिचडीतली पाल

शाळेच्या फाटकाबाहेर शंभरेक माणसं जमली होती आणि वैजनाथच्या हातात जळक्या ऑइलचा डबा होता. खिचडी शिजवणाऱ्या छबूबाईला बाहेर काढा, नाहीतर आम्हीच आत येतो, असं त्यानं दोनदा बजावलं होतं. तिच्या तोंडाला काळं फासल्याशिवाय कोणी हलणार नव्हतं.

आत ऑफिसात अश्विनी मोबाईल घट्ट धरून उभी होती. गावाच्या बातम्यांचं चॅनल तिचं आणि कालचा व्हिडिओही तिचाच. शाळा सुटल्यावर तिनं पहिलीतल्या निकिताला, वैजनाथच्या लेकीला, आज काय जेवलीस म्हणून सहज विचारलं होतं. पोरगी म्हणाली, खिचडीत पाल. सकाळपर्यंत व्हिडिओ पार सोनईपासून श्रीरामपूरपर्यंत फिरला. आता जो तो निकिताला विचारत होता, "पाल व्हती ना गं?" आणि ती प्रत्येकापुढं मान डोलवत होती.

छबूबाई कोपऱ्यात पदर तोंडाशी धरून बसली होती. चौदा वर्षं तिनं या शाळेतल्या पोरांना रांधून घातलं होतं. अश्विनी चौथीत असताना तिच्याकडून दोनदा वाढून घ्यायची.

"लाव तो पुन्हा," रंगनाथ गुरुजी म्हणाले.

अश्विनीनं लावला. "खिचडीत पाल..." लगेच मागून उसाच्या ट्रॅक्टरचा हॉर्न कर्कश वाजला. तो थांबला तेव्हा निकिता नाक मुरडून सांगत होती, "मला न्हाई आवडत. मी काढून टाकला."

गुरुजींनी बोट वर केलं. वर्गात करायचे अगदी तसंच.

"अश्विनी, पाल. तो की ती?"

"ती."

"मग पोरगी काय म्हणाली?"

बाहेर कोणीतरी फाटक हलवलं. पोरगी 'टाकली' म्हणाली नव्हती, 'टाकला' म्हणाली होती. कालपासून तिनं हा व्हिडिओ वीस वेळा पाहिला होता.

गुरुजी छबूबाईकडं वळले. काल खिचडीत काय घातलं होतं, एवढंच त्यांनी विचारलं.

"सकाळधरनं ह्ये कुनी इचारलंच न्हाई," ती म्हणाली. "पालक घातला हुता. माज्या वाफ्यातला."

आपण सांगायला गेलो तर शाळा सारवासारव करतेय म्हणतील, असं गुरुजी म्हणाले. मग त्यांनी दाराकडं पाहिलं. "बातमी तुझी आहे, बाळ. जा."

अश्विनी फाटकाबाहेर आली तसे सगळे मोबाईल उंचावले. लाइव्ह कर, लाइव्ह कर, असा गलका झाला. तिनं आपला मोबाईल ओढणीत गुंडाळला आणि वैजनाथच्या पायाशी बिलगलेल्या निकितापुढं ती उकिडवी बसली. विचारायला तोंड उघडलं आणि नेमका उसाचा ट्रॅक्टर आला, हॉर्न वाजवत.

ती थांबली. एक ट्रॉली गेली, दुसरी गेली. धूळ खाली बसली. वैजनाथ डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेत होता.

"निकू, काल खिचडीतून तू काय काढून टाकलंस?"

पुढं एकही शब्द तिनं जोडला नाही. पोरीनं बापाकडं पाहिलं, मग डब्याकडं.

"भाजी," ती म्हणाली. "पालक."

वैजनाथनं डबा खाली ठेवला आणि तो झाकण शोधू लागला. ते कुठं पडलं होतं कोण जाणे. त्याला कोणी मदत केली नाही.

तेवढ्यात गर्दीच्या मागं पुन्हा हॉर्न वाजला. सगळ्यांनी वळून पाहिलं.

रस्त्यावर ट्रॅक्टर नव्हता. नुकताच आलेला एकजण मोबाईलवर कालचा व्हिडिओ लावून तो कानाशी धरून उभा होता.