कोपऱ्यातला प्रेक्षक

कीथ हॅडलो इंग्लंडात बारा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळला. पुढे तिथल्याच खालच्या श्रेणीतल्या तीन क्लबांचा मॅनेजर झाला आणि तिन्ही ठिकाणी त्याला नारळ मिळाला. साठीला टेकल्यावर मस्कतच्या एका छोट्या क्लबने बोलावलं, तेव्हा एक बॅग भरून तो एकटाच निघून आला.

इथे सामन्यांना कुत्रंही फिरकत नसे. फक्त एक भारतीय माणूस दर वेळी सगळ्यात वरच्या पायरीवर, कोपऱ्यात येऊन बसायचा. संघ जिंको नाहीतर हरो, शेवटची शिट्टी होईपर्यंत तो हलत नसे. मैदानात उतरताना कीथ आता आधी त्या कोपऱ्याकडे बघायचा. माणूस दिसला की त्याला हायसं वाटायचं. निदान एक जण तरी आपला खेळ बघायला येतो!

सलग सहावा सामना हरल्यावर क्लबच्या अध्यक्षांनी सांगून टाकलं, "खलास, कोच."

सामान आवरायच्या आधी कीथ पायऱ्या चढून वर गेला. तो माणूस वसईचा कॉस्मास होता. मस्कतच्याच वादी अदाई भागात राहायचा, एसी दुरुस्त करायचा.

"मी उद्या चाललो," कीथ म्हणाला. "पण तू येत राहा. या पोरांना तुझा आधार आहे."

कॉस्मास ओशाळून उभा राहिला.

"सर, मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. गेल्या वर्षी गावी माझी बायको ॲनी वारली... आणि खोलीत आम्ही आठ जण राहतो. रडायला इथेच तेवढी जागा मिळते."