वाडगा गप्प आहे

भट्टी उघडली की बाबा पहिला निळा वाडगा कानाशी धरायचे. वरची झिलई निवताना आतल्या मातीच्या अंगापेक्षा जास्त आकसली, तर ती तडकते आणि बारीक 'टिंग' वाजतं. वाडगा गप्प राहिला, तरच तो पास.

हल्ली झिलई मुलीच्या हाती होती. पाच भट्ट्या झाल्या. दर वेळी तिला हातभर अंतरावरूनही 'टिंग' ऐकू यायचं आणि बाबा मात्र म्हणायचे, "गप्प आहे. शाब्बास!" बाबांना आता बारीक आवाज ऐकू येत नाहीत, हे तिने केव्हाच ओळखलं होतं. पण त्यांना कशाला बोलून दाखवायचं? ती ते वाडगे गुपचूप बाजूला काढायची आणि झिलई तडकू नये म्हणून पुढच्या वेळी तिच्यात गारगोटीची पूड चमचाभर वाढवायची.

सहाव्या भट्टीचा वाडगा बाबांनी कितीतरी वेळ कानाशी धरला.

"आता खरंच गप्प आहे," ते म्हणाले.

ती चमकली. "बाबा, तुम्हाला टिंग ऐकू येतं?"

"छे गं! वर्ष झालं, बारीक आवाज ऐकूच येत नाहीत." त्यांनी वाडगा तिच्या ओंजळीत ठेवला. "दर टिंगला तुझी पापणी लवायची. आज नाही लवली."