शिकवणी

आई लेकीच्या घरी आली, तर आत शिकवणी चालली होती. सोफ्यावर लेक आपल्या सासूबाईंची हनुवटी दोन बोटांत धरून बसली होती. गुडघ्यांसाठी ज्याच्याकडे जायचं होतं, त्याचा हुद्दा काही सासूबाईंच्या जिभेवर बसत नव्हता.

“अहो आई, घाई नको. फि-जि-ओ... थे-र-पिस्ट.”

“फिजोथरपीस.”

“जमतंय की. परत म्हणा.”

दारात चपला काढता काढताच आईच्या पोटात दुखायला लागलं. मागे तिचा खांदा धरला होता, तेव्हा याच शब्दावर लेक फोनवर खो खो हसली होती. “जाऊ दे गं आई, तुला नाही जमायचं.” त्यानंतर कित्येक दुपारी भांडी घासता घासता आईने तो शब्द घोटून घोटून पक्का केला होता. आता तो झोपेतसुद्धा चुकला नसता.

“आई, आता तू म्हणून दाखव बघू,” लेक हसत म्हणाली.

अख्खा शब्द आईच्या जिभेवर तयार होता.

“फिजोथ्रपी,” ती म्हणाली. मग लेकीच्या शेजारी सरकून बसली आणि हनुवटी जराशी पुढे केली.