रोजचं एक चुकीचं सूत्र
आधी नोकरी संपली, मग बायको गेली. मास्तरांचं घर ओकंबोकं झालं. ‘जेवलीस का?’ विचारलं, तर दूर राहणारी लेक मोबाइलवर नुसता अंगठा पाठवायची. पण तीही मास्तरांसारखी रसायनशास्त्राचीच शिक्षिका. चुकीचं सूत्र दिसलं की तिला चैन पडायचं नाही. मास्तरांनी हे हेरून अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं सूत्र AlO लिहून पाठवलं. लगेच फोन आला. “बाबा, संयुजा कुठे गेल्या? Al₂O₃ हवं.” मग गप्पाही झाल्या. तेव्हापासून मास्तर रोज एका संयुगाची वाट लावू लागले. आज मिठाचंही सूत्र चुकवलं, तेव्हा लेकीचा आवाज कापरा झाला. “बाबा, तुम्ही विसरत चाललात. डॉक्टरांना दाखवायला हवं.” मुद्दाम चुकलो म्हणावं, तर उद्यापासून पुन्हा अंगठाच. मास्तरांनी घसा खाकरला. “दाखवू की,” ते म्हणाले, “पण एकट्याला कसं जमेल? तू येतेस का न्यायला?”