धोका मला सांगा

आईची पित्तनलिका आवळली होती. कावीळ उतरावी म्हणून डॉक्टरांनी बरगड्यांमधून नळी घातली. हिरवट पित्त कमरेच्या पिशवीत गळू लागलं, अंगाची खाज थांबली. आज डॉक्टर लेकाला समजावत होते, "आतून जाळीची नळी बसवली, की पिशवी सुटेल. भूल द्यावी लागेल, धोकाही आहे." "राहू द्या पिशवी," लेक म्हणाला, "या वयात तिला कुठे जायचंय?" "तलावावर!" खाटेवरून आई कडाडली. "पोरींना पोहायला काय ही पिशवी शिकवणार?" तिने गरम पिशवी लेकाच्या हातात कोंबली. "धर! डॉक्टर, नळी माझ्या पोटात आहे, धोका मला सांगा." डॉक्टरांनी स्टूल ओढून सगळं पुन्हा सांगितलं. "उद्याच बसवा," ती म्हणाली. भूल उतरली तेव्हा पिशवी गेली होती, राग गेला नव्हता. "आई, पाणी देऊ?" लेकाने विचारलं. "अरे वा! मलाच विचारतोयस?"